हजेरीपटातलं आभाळ

सकाळच्या सत्रात मी मराठी माध्यमाच्या मुलांची हजेरी घेते आणि दुपारच्या सत्रात उर्दू माध्यमाच्या. गेली अठरा वर्षं हेच चाललंय. सकाळी रोहिणी, स्वाती, अश्विनी, चित्रा, रेवती. दुपारी सुरैया, नजमा, अंजुम, कहकशाँ, सोहेल, हिलाल. सकाळची मुलं मला ‘बाई’ म्हणतात, दुपारची ‘टीचर’. इमारत एकच, फळाही तोच.

एकदा महिनाअखेरीला दोन्ही हजेरीपट शेजारी ठेवून टक्केवारी काढत होते, तेव्हा लक्षात आलं की यातली बरीचशी नावं आभाळातून उतरलेली आहेत. नजमा म्हणजे तारा, अंजुम म्हणजे तारे, हिलाल म्हणजे चंद्राची कोर. कहकशाँ म्हणजे आकाशगंगा. सुरैया म्हणजे कृत्तिका. सोहेल, मूळ अरबी उच्चार सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य. मराठीच्या हजेरीपटातली रोहिणी, स्वाती, चित्रा ही तर पंचांगातली नक्षत्रंच. आईबापांनी किती हौसेनं ठेवलेली नावं!

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या वर्गात विचारलं, “रोहिणी कुठे असते, सांगा बघू?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, ती आज गैरहजर आहे.” सगळा वर्ग हसला, मीही हसले. दुपारी सुरैयाबद्दल विचारलं तर सगळ्यांनी त्या नावाच्या मुलीकडे बोट दाखवलं. आभाळाकडे कुणीच दाखवलं नाही.

हे आजचंच आहे असं समजू नका. अल-बिरुनी हा ख्वारिझमचा विद्वान सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतात आला, संस्कृत शिकला आणि १०३०च्या सुमारास त्यानं भारतावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा केला. नक्षत्रांवरच्या प्रकरणात त्यानं एक तक्रार नोंदवून ठेवली आहे. नक्षत्रांची नावं आणि गणित सांगणारे त्याला भेटले, पण आभाळात बोट दाखवून ‘हा बघ तो तारा’ असं सांगणारं कुणी भेटलं नाही. वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या शाळेत आला असता तर दोन्ही सत्रांबद्दल त्यानं हेच लिहिलं असतं. नाव ठाऊक आहे, गोष्ट ठाऊक आहे, जागा ठाऊक नाही.

अशात एका कम्युनिटी रेडिओवाल्यांनी मला विचारलं, आठवड्यातून दहा मिनिटं काहीतरी बोलाल का? त्यांना मराठी आणि उर्दू दोन्ही बोलणारी बाई हवी होती. विषय माझ्यावर सोडला होता. त्यांना बहुधा पाककृती किंवा परीक्षेचा अभ्यास अपेक्षित असावा. मी म्हटलं, आभाळाबद्दल बोलेन. कार्यक्रमाचं नाव ठरलं ‘आजचं आभाळ’.

कम्युनिटी रेडिओ म्हणजे लहानसं प्रकरण. शंभर वॉटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. ऐकणारे कोण? स्वयंपाक करणाऱ्या बायका, रिक्षावाले, कंटेनर यार्डात रात्रपाळीला बसलेले वॉचमन, मासळी सोलताना कानाशी मोबाइल लावून बसलेल्या कोळणी. हे सगळे माझ्याच आभाळाखाली आहेत, ही या लहान टापूची सोय. दिल्लीहून बोलणाऱ्याला ‘पूर्वेकडे पाहा’ एवढंच म्हणता येतं. मला ‘कर्नाळ्याच्या सुळक्याकडे पाहा’ म्हणता येतं.

पण पहिलाच भाग ऐकून अम्मीनं कान पकडला. काचबिंदूमुळे तिला आता फारसं दिसत नाही, त्यामुळे रेडिओ ती फार बारकाईनं ऐकते. म्हणाली, “तू ‘तिकडे तो तारा’ म्हणालीस. रेडिओवर तुझं बोट कुणाला दिसतं?”

अम्मीचे वडील, माझे नाना, श्रीवर्धनकडचे. आमच्या कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतली पुरुष माणसं खलाशी म्हणून जहाजावर गेली, तसे तेही गेले. महिनोन् महिने दर्यावर. सुट्टीवर आले की अंगणात बाजेवर पडून लेकीला तारे दाखवायचे. तिच्याकडे त्या ताऱ्यांची अर्धी नावं मराठी, अर्धी अरबी, आणि दोन-तीन अशी आहेत की ती नक्की कुठली हे मला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, “माझे अब्बा हातानं मोजून सांगायचे.”

हातानं मोजणं म्हणजे काय ते तुम्हीही करून पाहा. हात पुरता लांब करा आणि एक डोळा मिटा. करंगळीच्या नखाची रुंदी आभाळात साधारण एक अंश भरते. पुनवेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीमागे आख्खा झाकला जातो. वळलेली मूठ दहा अंशांची. लहान मुलाचा हात आखूड असतो, पण मूठही त्याच मानानं लहान, त्यामुळे हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. दुसऱ्या भागापासून मी मुठीत बोलू लागले.

फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाच्या दरम्यान दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. जवळजवळ डोक्यावर, एका ओळीत, सारख्या अंतरावर तीन तारे दिसतील. हा मृग नक्षत्रातला बाण. या तिघांची रेघ डावीकडे खाली दोन मुठी वाढवली की आख्ख्या रात्रीतला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. हीच रेघ उजवीकडे वर दोन मुठी नेली की तांबूस रोहिणी. रोहिणीच्या पुढे दीड मुठीवर एक छोटासा पुंजका, त्या कृत्तिका. आणि व्याधापासून खाली क्षितिजाकडे साडेतीन मुठी उतरलात की दक्षिणेला एकटाच लखलखणारा अगस्त्य. पाच वाक्यांत पाच ठिकाणं झाली, आणि यासाठी दुर्बीण लागली नाही.

आता दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला जी मजा वाटते ती सांगते. संस्कृतातून आलेल्या ‘रोहिणी’ या नावात तिचा लालसर रंग आहे. अरबीत याच ताऱ्याला ‘अद-दबरान’ म्हणतात, म्हणजे मागून येणारा. कोणाच्या मागून? सुरैयाच्या, म्हणजे कृत्तिकांच्या. रोज रात्री आधी कृत्तिका उगवतात, मग तासाभरानं रोहिणी. एका भाषेनं रंग पाहिला आणि दुसरीनं चाल. पुढे युरोपनं अरबांचे ग्रंथ भाषांतरित केले आणि ‘अल्डेबरान’ हे नाव जगभर झालं. अल्टेअर, व्हेगा, डेनेब, रायजेल हीही त्याच वाटेनं गेलेली अरबी नावं. मराठी माध्यमातली मुलं भूगोलाच्या पुस्तकात इंग्रजी म्हणून जी पाठ करतात, ती दुपारच्या सत्रातल्या मुलांच्या धार्मिक शिक्षणाच्या भाषेतली निघतात. हे सांगितलं की दोन्हीकडची मुलं जरा ताठ बसतात.

सप्तर्षींच्या शेपटीत मधल्या ताऱ्याला चिकटून एक मंद तारा आहे. वसिष्ठ आणि अरुंधती. आपल्याकडे लग्नात नवरानवरीला ही जोडी दाखवायची पद्धत आहे. अरबीत त्या मंद ताऱ्याला ‘सुहा’ म्हणतात आणि तो दिसतो का यावरून नजर पारखतात. एक म्हणसुद्धा आहे: मी याला सुहा दाखवतोय आणि हा मला चंद्र दाखवतोय. वर्गात मी गुणाकार विचारावा आणि मुलानं पाढा म्हणून दाखवावा, तसं.

माझा आवडता मात्र अगस्त्यच. व्याधानंतर रात्रीच्या आभाळात तेजात याचाच नंबर. तो इतका दक्षिणेला आहे की ग्रीसच्या उत्तरेकडून, युरोपच्या बऱ्याच भागातून दिसतच नाही. अथेन्सकरांना तो क्षितिजाखालीच राहतो. उत्तर भारतात तो क्षितिजाला टेकून असतो. आमच्या उरणवरून तो ऐन माथ्यावर आला की सुमारे अठरा अंश, म्हणजे जवळजवळ दोन मुठी वर येतो. आपल्या पुराणांत अगस्त्य ऋषी दक्षिणेला गेले आणि समुद्र पिऊन टाकला अशी कथा आहे. पावसाळा संपता संपता पहाटे हा तारा पुन्हा दिसू लागतो. आखातात सुहैल दिसला की उन्हाळ्याचा जोर ओसरला असं मानतात, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. नानांसारख्या खलाशांना दक्षिण दाखवणारा तो हाच.

उत्तरेला ध्रुव किती उंच? ज्या गावाचा जो अक्षांश, तितके अंश. उरणचा अक्षांश सुमारे एकोणीस, म्हणून ध्रुवही दोन मुठींना किंचित कमी. म्हणजे आमच्या गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला दोन मुठींवर ध्रुव आणि हिवाळ्यात दक्षिणेला दोन मुठींवर अगस्त्य. दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोरीसारखं हे आभाळ खास आमच्या अक्षांशाचं आहे. मुंबई-रायगडात राहणाऱ्या कुणालाही ते आपलं म्हणता येईल.

कार्यक्रम महिनाभर झाला आणि दोन बाजूंनी दोन आवाज आले. रेडिओच्या व्हॉट्सॲपवर एकानं लिहिलं, “नक्षत्रं सांगायला आपल्यातलं कुणी मिळालं नाही का?” त्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी माझ्या भावाकडे निरोप धाडला की बहिणीला समजाव, नजूमीचं काम आपल्याकडे दुरुस्त नाही. पहिल्यांना मी उपरी वाटले आणि दुसऱ्यांना वाट चुकलेली. त्या रात्री मी पुढच्या भागाचं टिपण काढलंच नाही. नोकरी, घर, अम्मीची औषधं यांतून दहा मिनिटं काढायची आणि वर ही बोलणी कशाला ओढवून घ्यायची, असंही मनात आलं.

मग शिक्षिकेचा जुना उपाय केला. दोघांचा प्रश्न एकच आहे का ते तपासलं. दोघांच्याही मनात तारे आणि भविष्य यांची गाठ बसली होती. एकाला ते भविष्य आपल्या मालकीचं वाटत होतं, दुसऱ्याला ते पाप वाटत होतं. उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. भविष्य सांगणं ते ‘नुजूम’ आणि आकाशातल्या गोलांचा अभ्यास तो ‘इल्म-ए-हैअत’. मराठीत ‘ज्योतिष’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला गेला, म्हणून घोटाळा होतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला तो मुख्यतः गणिताचा आणि वेधांचा इतिहास आहे. हे दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरुडचे आणि पेशानं शिक्षक. सामान्य वाचकाला तारे ओळखता यावेत म्हणून त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असं जोडनाव दिलं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. शंभर वर्षांहून जास्त काळापूर्वी एका कोकणी मास्तरानं मराठीत हे काम करून ठेवलंय, मी फक्त दहा मिनिटांची बदली शिक्षिका आहे, असं मी पुढच्या भागात सांगून टाकलं.

भविष्याबद्दलही बोलले, पण वाद घालून नव्हे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत नरेंद्र दाभोलकरही होते, महाराष्ट्रात एक चाचणी घेतली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं शाळेत हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका देऊन विचारलं, यांतली हुशार कोणती? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्या उत्तरांचं प्रमाण सरासरी शेकडा शेहेचाळीस. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. श्रोत्यांना मी एवढंच सांगितलं आणि निष्कर्ष त्यांच्यावर सोडला. नारळीकर २० मे २०२५ला गेले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. आम्ही कार्यक्रमात तीच रीत ठेवली. नुसतं ‘छान बोललात’ लिहिलं तर नाव वाचत नाही, प्रश्न विचारला तर वाचतो.

मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे मी स्वतः गेले. म्हटलं, चाचा, आपल्या कुराणात एका सूरहचं नाव ‘नज्म’ आहे, त्यात शिअराचा, म्हणजे या व्याधाचा नाव घेऊन उल्लेख आहे. नमाजाच्या वेळा सूर्यावर, महिने चंद्रावर, किब्ल्याची दिशा गणितावर. आभाळाकडे न पाहता आपलं चालतं कुठे? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चांद दिसेल का ते आधी सांगत जा मग.” आता दर महिन्याच्या एकोणतिसाव्याला ते फोन करतात.

चंद्राचा भाग सर्वांत रंगला. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि रमजान ईद ३१ मार्चला. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला. लोकांना हा योगायोग वाटला. पण चैत्राची प्रतिपदा आणि शव्वालची पहिली तारीख त्या दोन्ही वर्षी एकाच चंद्राच्या होत्या. एकानं अमावास्या संपल्याचं गणित धरलं, दुसऱ्यानं कोर डोळ्यांना दिसायची वाट पाहिली, म्हणून एक-दोन दिवसांचा फरक. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, पाडवा २२ मार्चला होता आणि त्याच चंद्रानं २४ मार्चला रमजान सुरू केला, ईद नाही. एका वर्षात एक महिना कुठे सरकला?

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. मराठी पंचांग ही तूट साचू देतं आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो असा. म्हणून दिवाळी नेहमी पावसानंतरच येते. हिजरी कालगणना तूट भरत नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. माझे पहिले रोजे मे महिन्याच्या उन्हातले होते, अम्मी सांगते तिचे थंडीतले. एका रिक्षावाल्यानं प्रश्न पाठवला, “म्हणजे चंद्र दोघांचा सारखाच, फक्त वही वेगळी?” त्याचं नाव आम्ही वाचलं.

पण त्या भागात खरा धडा मला करंज्याच्या एका कोळीदादांनी दिला. त्यांनी फोन करून विचारलं, बाई, तुम्हाला चंद्र येतो, मग पाणी येतं का? आणि उत्तर स्वतःच सांगितलं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास आणि पाणी उधाणाचं. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी चढतही नाही फार आणि उतरतही नाही. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला पुरतं.

भरती रोज साधारण पाऊण-पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं. त्याचा पाढा बनलेला आहे हे मला माहीत नव्हतं. मी हिशेब करून पाहिला. हिजरी तारीख तिथीच्या एखाद दिवस मागे असते. म्हणजे चांदची जी तारीख असेल तिच्यात एक मिळवा आणि पाऊणपट करा. पुढच्या भागात हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी मोऱ्याच्या धक्क्यावरून एका मुसलमान खलाशाचा निरोप आला, बरोबर येतंय.

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री अकरापासून बावीस मिनिटं उलटून बारापर्यंत, म्हणजे ब्याऐंशी मिनिटं चंद्र पूर्ण पृथ्वीच्या सावलीत. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात दोन फोन आले, एक जासईच्या बाजूचा, एक आमच्याच सेक्टरमधला. एक सासूबाई हिंदू, दुसऱ्या मुसलमान. प्रश्न अगदी एक: सून पोटुशी आहे, तिनं चाकू-सुरी हातात घ्यायची नाही, झोपायचं नाही, हे खरं ना? सुना बाजूलाच उभ्या असणार, असं मला वाटत राहिलं.

मी म्हटलं, ही पृथ्वीची सावली आहे. रोज संध्याकाळी सूर्य बुडाला की आपण सगळे याच सावलीत जातो आणि रात्रभर तिच्यातच कांदे चिरतो, झोपतो, बाळंतही होतो. त्या रात्री तीच सावली चंद्रापर्यंत पोचणार, इतकंच. दुसऱ्या सासूबाईंसाठी एक जोड दिली. हजरत पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, याच दुःखानं लागलं. तेव्हा त्यांनी लोकांना थांबवलं आणि सांगितलं की कुणाच्या मरण्या-जगण्यासाठी ग्रहण लागत नाही. स्वतःचं मूल गेलेलं असताना हे सांगितलेलं आहे, याचा विचार करा. मग म्हटलं, सुनेला भूक लागली तर जेवू द्या, झोप आली तर झोपू द्या, आणि जागी असेल तर तिला गच्चीवर घेऊन जा. पुढे काय झालं ते मला कळलं नाही. दोन्ही सासूबाईंनी फोन मात्र शांतपणे ठेवला.

हे सगळं सांगून झाल्यावर एक अडचण उरते, ती म्हणजे आभाळ दिसायला हवं. द्रोणागिरीत उत्तरेला बंदर आहे, जिथे रात्रंदिवस काम चालतं. कंटेनरची यार्डं आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, आमच्या सोसायट्यांच्या गच्चीवरचे हॅलोजन आहेत. आमच्याकडच्या कितीतरी घरांची चूल त्या रात्रपाळीवर पेटते, तेव्हा दिव्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण ध्रुव नेमका त्याच प्रकाशाच्या वर, दोन मुठींवर येतो. अरुंधती तर बाजूलाच राहिली.

म्हणून मी श्रोत्यांना गृहपाठ दिला. एकाच रात्री, जेवणं झाल्यावर, प्रत्येकानं आपल्या दारातून कृत्तिका मोजायच्या. चांगल्या नजरेला अंधारात सहा-सात दिसतात. करंज्याहून उत्तर आलं सहा. चिरनेरकडून सहा, एका मुलीनं सात लिहिल्या. आमच्या सेक्टरमधून काहींना तीन, काहींना नुसता धुरकट ठिपका. एका वॉचमननं कळवलं, मी बसतो तिथे डोक्यावर मोठा दिवा आहे, मला काहीच दिसलं नाही, पण टाकीमागे जाऊन उभा राहिलो तर चार दिसल्या. हा शेवटचा निरोप मला फार मोलाचा वाटला. दिवा विझवणं त्याच्या हातात नव्हतं, सावली शोधणं होतं.

गंमत अशी की आमचा हा किनारा एके काळी मुंबईच्या गोंगाटापासून दूर म्हणून शास्त्रज्ञांनी निवडला होता. करंज्यासमोर खाडीपलीकडे रेवस, आणि पुढे अलिबाग. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१पासून होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर झालेल्या प्रचंड उद्रेकाचं वादळसुद्धा तिथे नोंदलं गेलं. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विजेनं नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे झालं. इमारतीत लोखंड नको म्हणून दगडही चुंबकत्व नसलेला निवडला. ती अजून काम करते. मुंबईला ट्राम मिळाली आणि नोंदही टिकली, कारण कुणीतरी दोन्हींचा विचार वेळेवर केला.

दुपारच्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, “टीचर, आभाळाचा स्वतःचा रेडिओ असतो का?” असतो. कार्ल जान्स्की नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला १९३०च्या सुरुवातीच्या वर्षांत टेलिफोनमधली खरखर शोधताना कळलं की त्यातली थोडी खरखर आकाशगंगेतून येते. आज अशी खरखर ऐकणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. आम्हाला अंधार लागतो तशी तिला रेडिओची शांतता लागते, म्हणून शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे विद्यार्थ्यांसाठी प्रदर्शन भरतं. दोन्ही सत्रांची मुलं एकाच बसमधून न्यायची माझी इच्छा आहे. मुख्याध्यापकांकडे अर्ज दिलाय.

अम्मी अजूनही दर भाग ऐकते आणि चुका काढते. गेल्या आठवड्यात तिला मी गच्चीवर नेलं, खांदा धरून दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. तिला काही दिसत नाही हे दोघींनाही माहीत होतं. तिनं हात लांब केला, मूठ वळली, क्षितिजावर एक ठेवली, तिच्यावर दुसरी, आणि विचारलं, “इथेच ना सुहैल?”

तो तिच्या मुठीच्या जरासा वर होता. मी म्हटलं, हो, तिथेच.